बालवाडीतली उसनी श्रीमंती

नव्वदच्या दशकात मी मुलांसाठी काम करणाऱ्या एका परदेशी संस्थेच्या अकोल्यातल्या कचेरीत होतो. डोंगरातल्या आमच्या बालवाड्या एका परदेशी सरकारच्या मदतीवर चालायच्या. ती मदत पुढे द्यायची की थांबवायची, हे ठरवायला त्या सरकारच्या एक अधिकारी बाई स्वतः त्यातल्या एका गावी येणार होत्या. मी असा काही हुरळलो, की गावाला सांगून बसलो, ‘पाहुण्या येतायत, काही कमी पडू देऊ नका!’

गावानं ते फारच मनावर घेतलं. बालवाडीत घराघरांतल्या सतरंज्या आल्या, घासलेले पितळी तांबे आले, पोरं लग्नातल्या जरीच्या टोप्या घालून बसली. मी तर नवरदेवाच्या बापासारखा मिरवत होतो. बाईंनी सगळं न्याहाळलं आणि मला इंग्रजीत विचारलं, ‘इथे सगळंच आहे. मग आमची मदत कशाला?’

तेवढ्यात दारातून एक मावशी ओरडली, ‘सायेब, आमची सतरंजी द्या की! घरी पाव्हनं आल्यात, बसाया काय न्हाई.’

‘आन् माझा तांब्या बी!’ मागून दुसरी.

बाईंनी विचारलं, ‘काय म्हणतायत?’ लपवायला काही सुचेना, म्हणून खरं तेच सांगितलं. बाई खळखळून हसल्या. ‘म्हणजे बालवाडीसाठी यांनी घरं रिकामी केली? अशा गावाची मदत चालू ठेवा, असंच मी कळवणार.’

मी आनंदानं उडीच मारली.

‘नाचा मग नंतर,’ मावशी म्हणाली, ‘आधी सतरंजीवरनं उतरा!’