आत्याचा डॉलर

आख्ख्या करवीर संस्थानात अमेरिकेशी उघड वैर धरलेलं माणूस एकच होतं, आणि ते आत्या म्हणून माझ्या नशिबी आलं होतं. महाराजांच्या त्या काळात इंग्रजांना शिव्या घालणारे पेठेपेठेत होते, पण ते आधी मागंपुढं कोण आहे ते बघून तोंड उघडायचे. आत्याला असली भीड ठाऊकच नव्हती. रोज सकाळी म्हशीची धार काढताना ती मोठ्यानं अमेरिकेचा उद्धार करायची. चरवी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकांना तो मुकाट ऐकावा लागायचा, कारण तिच्यासारखं निर्भेळ दूध पेठेत दुसरीकडं मिळत नव्हतं.

या वैराच्या मुळाशी होता एक डॉलर. आत्याचा नवरा सर्कशीत झुल्यावर कसरती करायचा. लग्न होऊन दोन दिवाळ्या झाल्या नाहीत तोच हा पठ्ठ्या सर्कशीबरोबर बोटीनं अमेरिकेला गेला. पुढं सर्कस परत आली, हत्ती परत आले, वाघसुद्धा परत आले. हा गृहस्थ तेवढा आला नाही! तिकडं दुसऱ्या कंपनीत राहिला म्हणे. वाघ सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती त्यानं बायकोला चांदीचा एक डॉलर पाठवला आणि 'येतोच' म्हणून निरोप. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. आता ह्या माणसाला काय म्हणावं? हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आत्या मात्र नवऱ्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. तिचा सगळा राग डॉलरवर. तिच्या दारात एक काळा धोंडा होता. रतिबाचा रुपया कुणीही दिला तरी तो आधी त्या धोंड्यावर आपटला जायचा. एकदा कचेरीतल्या एका रावसाहेबांचा रुपया बद्द वाजला, तर ही भर रस्त्यात ओरडली, "पावणं, ह्यो तुमच्या सायबाला द्या जावा! माझी म्हस खरं दूध देती." त्याच धोंड्यावर डॉलर वाजला, पण आवाज काही तिला पटला नाही. मग ती तो घेऊन तरातरा गुजरीत गेली. सोनारानं कस लावून सांगितलं, ह्यात दहात नऊ भाग चांदी, एक भाग तांबं. आपल्या रुपयात बारात अकरा भाग चांदी. झालं! वर्षानुवर्षं पुरेल एवढं सरपण त्या बिचाऱ्यानं तिच्या हातात दिलं.

"सव्वादोन रुपयांचं वजन, एवढा थोराड, आणि चांदीला आपल्या रुपयाच्या खाली? लाज न्हाय व्हय त्या मुलखाला?" ती मला विचारायची, जणू टांकसाळ माझ्या बापाची होती. डॉलरच्या एका अंगाला बाईचा मुखवटा, दुसऱ्या अंगाला पंख पसरलेला गरुड. गरुडाला ती घार म्हणायची. बाईकडं मात्र डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "ही भवानी कोण, ते मला अजून कुणी सांगितलं न्हाय."

मी एकदा शहाणपणा करून तिला सांगितलं, की अमेरिकेतल्या लोकांनाही हे नाणं खिशात जड होतं, म्हणून ते पोत्यांनी सरकारी खजिन्यात पडून असतं आणि बाजारात त्याच्या नावचा कागद फिरतो. ती हातातली वैरण टाकून उभी राहिली. "पाडायचं आणि कोंडून घालायचं? मग पाडलं कशाला, मुडद्यांनी?" मी म्हटलं, तुझाही कोंडूनच आहे की, मोडून टाक. त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी चहाही न घेता घरी आलो. तो डॉलर ती देवघरात ठेवायची आणि दर सणाला चिंच लावून, शिव्या देत देत, लख्ख घासायची.

पुढं मोठी लढाई पेटली. चांदी मिळेना, भाव कडाडला, आणि सरकारनं रुपयाची कागदी नोट काढली. "ह्याला वाजवू कुठं?" म्हणून आत्यानं पहिली नोट म्हशीपुढं धरली. म्हशीनं हुंगून तोंड फिरवलं. "बघा, जनावराला कळतंय!" त्याच दिवसांत सोनार आपण होऊन घरी आला. आत्याची जोडवी झिजून पार पातळ झाली होती. तो म्हणाला, "आक्का, डॉलर आटवूया. जोडवी करून देतो, उरल्या चांदीचं रोख देतो." मला वाटलं, सुटलो एकदाचे ह्या डॉलरच्या तावडीतून. तर आत्या त्याच्या अंगावर धावून गेली.

"आटवतोस? आणि उद्या त्यो आला, डॉलर कुठाय म्हणाला, तर काय दावू? जोडवी?"

इतक्या वर्षांत नवऱ्याचं नाव निघालं ते हे असं. सोनार खाली बघत निघून गेला.

लढाई संपता संपता वर्तमानपत्रात आलं, की अमेरिकेनं खजिन्यातले डॉलर पोत्यांनी बाहेर काढून आटवले आणि ती चांदी बोटीत भरून आपल्या रुपयांसाठी इकडं पाठवली. माझ्यानं राहवलं नाही. एक कोरा करकरीत रुपया मिळाला तसा तो घेऊन सकाळीच आत्याकडं गेलो आणि सगळी हकिकत सांगितली. मनात म्हटलं, आता ऐकावं, अमेरिकेची कशी सालटी निघतात ते!

आत्यानं रुपया धोंड्यावर वाजवला. मग आत जाऊन डॉलर आणला, तोही वाजवला. पुन्हा रुपया. पदरानं दोन्ही पुसून ती उंबऱ्यावर बसली.

"येवढी चांदी बोटीत बसून आली की रं," ती म्हणाली. "त्याला एकट्याला जागा घावली न्हाय व्हय?"

तिनं दोन्ही नाणी देवघरात नेऊन ठेवली आणि कासंडी घेऊन गोठ्यात गेली. बाहेर गिऱ्हाइकं चरव्या घेऊन उभी होती, पण त्या सकाळी धार निघेपर्यंत आतून अमेरिकेला एकही शिवी ऐकू आली नाही.