गाडी कुठं हाय, विचारा आम्हाला

गाड्यांना जीपीएस बसवायच्या धंद्यात मशीन एकदाच विकलं जातं, किस्से मात्र रोज येतात. माझा थोरला भाऊ, दादा, ते जेवताना सांगायचा आणि त्याचा घास हातातच राहायचा. दोन महिन्यांपूर्वी तो हार्ट अटॅकनं गेला. आता कंपनीचा फोन माझ्याकडे आहे. 'दादा गेला' हे फोनवर मला अजून एकाही गिऱ्हाइकाला सांगता आलेलं नाही. वहिनी रोज म्हणते, "भावजी, सांगून टाका. दुसरीकडनं कळलं तर लोक म्हणतील फसवलं, आन् निघून जातील." मी म्हणतो, उद्या.

* * *

सुरुवातीला कंपनी म्हणजे धाराशिवच्या स्टँडमागचा एक गाळा आणि दादाची बॅग. ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "रविवारी तुमचा उपग्रह बंद असतो का?"

दादा म्हणाला, "न्हाय काका. रविवारी फकस्त म्या बंद असतो."

ऑर्डर मिळाली!

* * *

खंडेनवमीला आमच्याकडं अवजारं, गाड्या, सगळं पूजतात. त्यानंतर तीन दिवसांनी एक मालक भडकून फोनवर आले. "ट्रॅक्टर उसाच्या फडात हाय, आन् तुमचं मशीन घरात दाखवतंय! खोटं मशीन!"

दादानं शांतपणे विचारलं, "मशीन कुठं हाय, मालक?"

"पूजेला काढलं होतं. देव्हाऱ्यात हाय."

* * *

भूमच्या एका दूधवाल्यानं ड्रायव्हरला फोन लावला. "कुठं हाईस?"

"तेरला पोचलो, मालक."

"गाडी तर भूमच्या बाजारात दिसतीय!"

ड्रायव्हर म्हणाला, "गाडी भूमला असंल, मालक. म्या तेरला हाय."

* * *

एका गाळ्याचे दोन झाले, तेव्हा दादानं मला कामाला घेतलं. मी आठवी नापास, पण स्क्रीनवरचा ठिपका हलतोय का थांबलाय, एवढं कळत होतं. तिसऱ्याच दिवशी एक टेम्पो माळावर दोन तास थांबलेला दिसला. कुणाला न विचारता मी मोटारसायकल काढली. बाभळीखाली एकजण घोरत होता. गचांडी धरून उठवला. "मालकाच्या जिवावर झोपतोस व्हय रं?"

तो मालकच निघाला.

दादा मला ओरडला नाही. फक्त म्हणाला, "आपल्याला गिऱ्हाइकं वाढवायचीत, बाळ्या."

* * *

परवा तेरचे एक म्हातारे ट्रॅक्टरवाले फोनवर होते. त्यांचा ट्रॅक्टर स्क्रीनवर दिसेना. मी उपाय सांगायला लागलो, पण त्यांना ते नको होतं.

"तू ऱ्हाऊ दे. दादाला दे."

"दादा बाहेर गेलाय, काका."

"मागच्या बारीलाबी बाहेरच होता. कुठं गेलाय?"

समोर वहिनी मशीनमध्ये सिमकार्ड घालत बसली होती. तिचा हात थांबला.

"आरं बोल की! साऱ्या जिल्ह्याच्या गाड्या दावता, आन् घरचा माणूस कुठं हाय ते म्हाईत न्हाय व्हय?"

मी स्क्रीनकडे बघितलं. म्हटलं, "थांबा काका. बघून सांगतो."

म्हातारा म्हणाला, "बघ. म्या थांबतो."