तांदळे सरांनी व्हरांड्यात ठेवलेली खुर्ची

तांदळे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात, एकेकाळी त्यांच्याच असलेल्या खोलीत, पेपर तपासत होते. मन मानेना. आदल्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "शालन, तो तास आता तुझा. खुर्ची तेवढी बाहेर राहू दे..."

खुर्चीचं सांगायलाच हवं. सर राज्यशास्त्र शिकवायचे. पंतप्रधानपदाचा धडा आला की मास्तरांची हात असलेली मोठी खुर्ची ते स्वतः उचलून व्हरांड्यात ठेवत आणि साध्या खुर्च्या गोल मांडून आम्हा विद्यार्थ्यांचं लुटुपुटूचं मंत्रिमंडळ बसवत. पंतप्रधानालाही साधीच! "घटनेत या पदाविषयी मोजक्या ओळी हायेत," ते सांगत. "बाकीचं बसणाऱ्यानं अन् बसवणाऱ्यांनी घडवलं. आधी मदतीला छोटं सचिवालय होतं, मग त्याचं कार्यालय झालं, अन् फायली तिकडं वळत गेल्या. आपल्या आज्या-पणज्यांनी निजामाचा दरबार पाहिलाय. मान खाली घालायची लई जुनी सवय हाय आपल्याला."

मी पैठणची. मी शिकत होते त्या वर्षी जायकवाडी धरणाच्या पाण्यावरून मी आमच्या 'पंतप्रधाना'शी कडाकडा भांडले आणि राजीनामा देऊन वर्गाबाहेर पडले. सरांनी खुशीत सगळ्या वर्गाला पेढे चारले. भांडणाचा एवढा आनंद होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निवृत्तीनंतरही हा एक तास घ्यायला ते येत. गेल्या वर्षी मी मागं बसून पाहत होते. पंतप्रधान झालेल्या मुलानं धरणाचं सगळं पाणी कारखान्यांना देऊन टाकलं. कुणी हूं की चूं केलं नाही. शेतीमंत्री म्हणाला, "साहेब म्हणतील तसं." तेव्हा सरांचं लक्ष गेलं. 'साहेब' मोठ्या खुर्चीवर बसले होते.

"ही आत कुणी आणली?"

"आम्हीच, सर."

"कुणी सांगितलं?"

"कुणीच नाय, सर. साहेब साध्या खुर्चीवर कसे बसतील?"

सरांचा चेहरा उतरला. नंतर गाड्यावरचा चहा तसाच हातात धरून ते म्हणाले, "खुर्ची बळकावणाऱ्याशी भांडता येतं गं. इथं तर त्यानं मागितलीच नव्हती..." मला भर उन्हात भीती वाटली. ती अजून गेलेली नाही.

परवा तो तास मी घेतला. खुर्ची दोन्ही हातांनी उचलून व्हरांड्यात ठेवली आणि खडू आणायला गेले. परतले तर व्हरांडा रिकामा. आत ती खुर्ची मधोमध मांडलेली होती. तिच्यावर अजून कुणी बसलंही नव्हतं... आणि सगळा वर्ग तिच्यापुढं उभा होता.