स्वच्छ फ्रॉक

ओवी, ये इकडे, जवळ बस. ती बॅग ठेव खाली. बाबा रिक्षा आणायला गेलेत ना, येतील तेव्हा येतील. मघाशी जिन्यात त्यांच्यावर खेकसलीस, ऐकलं मी. रोज फोनवर तेच तेच काय विचारता म्हणे. अगं, तुमच्या खालच्या मजल्यावर वीस वर्षं काढली मी, म्हणून सांगते, तुझ्या बाबांसारखा तपासणारा माणूस सबंध नाशकात दुसरा नाही. देवाने तुला पाठवलं तेव्हा त्यालाही बाजूला थांबवून त्यांनी तुझी बोटं मोजून घेतली असतील.

सातपूरच्या कारखान्यात आलेला माल तपासायचा, चांगला आत घ्यायचा, खराबावर लाल खूण करायची, ही त्यांची नोकरी. पहिली पाळी करून घरी आले की तीच नोकरी फाटकात पुन्हा सुरू. पाचला तुझी शाळेची रिक्षा यायची. तू उतरलीस की आधी रिबिनी बघायचे, गाठ सकाळचीच आहे की कुणी ओढलीय. मग डबा. उरलेली भाजी किती वाळलीय त्यावरून तू मधल्या सुट्टीत वेळेवर जेवलीस की नाही ते सांगायचे. मग रिक्षावाल्याची साक्ष, आज हसत होती की गप्प? तो बिचारा "हसत, साहेब, हसत" म्हणत रिक्षा बंदसुद्धा करायचा नाही. पालकसभेत बाकीचे आईबाप गुणांचं विचारत होते, तर हे तुझ्या बाकाखाली आडवे. एक स्क्रू सैल सापडला, तो आवळूनच बाहेर आले. आणि शेवटी तुझा फ्रॉक. डाग दिसला की गंभीर चेहरा करून म्हणायचे, "रिजेक्ट." तू हसायचीस, आई तो बादलीत टाकायची. गंमतच होती सगळी.

तू दुसरीत गेलीस आणि तुझ्या पेन्सिली भराभर संपायला लागल्या. दुसरा बाप दुकानात गेला असता. तुझ्या बाबांनी मोजायचं व्हर्नियर काढलं, पंधरा दिवस रोज पेन्सिल मोजली आणि आलेख काढून मला दाखवायला आले. म्हणाले, "काकू, एवढी पेन्सिल अभ्यासात झिजत नाही. बाई हिला शिक्षा म्हणून लिहायला लावतायत." म्हटलं, मग पोरीला विचारा की. तर म्हणे, माल स्वतःबद्दल काही सांगत नसतो, मोजावा लागतो.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून, आलेख घेऊन, भांडायच्या तयारीने शाळेत गेले. मधली सुट्टी होती. सगळी पोरं मैदानात मातीत लोळत होती आणि तू वर्गात कचरापेटीपाशी एकटी उभी, पेन्सिलीला टोक काढत. टोक झालं की मोडायचं, पुन्हा काढायचं. बाई म्हणाल्या, रोजचंच आहे हे, कितीदा सांगितलं तरी खेळायला जात नाही. बाबांनी खाली बसून तुला विचारलं, का गं? आणि तू म्हणालीस, "खेळलं की फ्रॉक रिजेक्ट होतो ना, बाबा."

तुला आठवत नसेल. त्या संध्याकाळी ते माझ्याकडे येऊन बसले. चहा पुढ्यात गार झाला. आलेखाची घडी घालायचे, उलगडायचे. शेवटी म्हणाले, "काकू, सगळं तपासलं मी. हिला कुणी मैत्रीण आहे का, तेवढंच राहिलं."

दुसऱ्या दिवसापासून फाटकातली तपासणी उलटी झाली. स्वच्छ फ्रॉक रिजेक्ट, गुडघ्याला माती असली तर पास. तुला आधी खरंच वाटेना, आठ दिवस तू स्वच्छच येत राहिलीस आणि ते तुला हसत हसत रिजेक्ट करत राहिले. आणि एक दिवस उतरलीस ती पाठीवर चिखलाचा पंजा घेऊन. एवढासा, दुसऱ्या कुठल्या तरी पोरीचा. दोन दिवस आईला तो फ्रॉक धुवू दिला नाही त्यांनी. दूधवाल्यालासुद्धा दाखवला.

आता तू पुण्याला, हॉस्टेलवर. तरी पाच वाजले की ते फाटकात येतात. मी दिसले की म्हणतात, पाण्याची मोटर लावायला आलो. टाकी तर भरून वाहत असते. फोनवर जेवलीस का, कुणाबरोबर जेवलीस, असं विचारतात ते म्हणूनच गं. फोनमधून पाठ दिसत नाही ना.

आली बघ रिक्षा. बघ, तिचे टायर दाबून बघतायत. जा, आणि जाताना नीट बोल त्यांच्याशी. आणि लवकर ये गं पुन्हा. पुढच्या शनिवारीच ये. कपडे तिकडे धुवू नकोस, मळकेच घेऊन ये.