सातव्या प्रश्नाचे दोन गुण

शाळेत सगळे त्यांना 'का-बाई' म्हणत, अर्थात पाठीमागे. एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवताना "का?" विचारल्याशिवाय त्यांनी कुणाचंही उत्तर मान्य केलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी रजा नाकारली तरी त्यांचा प्रश्न तोच. अशा बाईंना बोर्डाचे पेपर तपासायला बोलावणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं. पण यंदा परीक्षक कमी पडले आणि धोंडा पडला.

तपासणी एका कॉलेजच्या बॅडमिंटन हॉलमध्ये होती. एका टेबलाला सहा परीक्षक, त्यांच्या हातात लाल पेन. टेबलप्रमुखांच्या हातात हिरवं. लाल पेनानं दिलेले गुण हिरवं पेन काढून घेऊ शकत होतं, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही अशी पद्धत होती. पहिल्याच सकाळी नमुना उत्तरपत्रिका वाटली गेली. प्रश्न सातवा, दोन गुण: वैज्ञानिक नियम आणि सिद्धांत यांतला फरक सांगा. खाली उत्तर छापलेलं: सिद्धांत पूर्णपणे सिद्ध झाला की त्याला नियम म्हणतात.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, हे चूक आहे."

"छापून आलंय, बाई," टेबलप्रमुख म्हणाले.

"छापलं म्हणून खरं होतं का? काय घडतं ते नियम सांगतो. हवा कोंडून दाबली की ती कमी जागेत मावते. दाब दुप्पट, तर जागा निम्मी. हा झाला नियम. पण असं का होतं? तर हवेचे कण सतत धावत असतात, भांड्याच्या भिंतींवर आपटत असतात. जागा कमी झाली की जास्त वेळा आपटतात. हा सिद्धांत. दोन्ही पारखूनच घेतलेले असतात, पण एकाचा दुसरा होत नाही. गाय म्हातारी झाली म्हणून तिची म्हैस होते का?"

टेबल हसलं. टेबलप्रमुखही हसले आणि घड्याळाकडे बघून म्हणाले, "आपण तपासायला आलोय बाई, शिकवायला नाही. दिवसाला चाळीस पेपर व्हायला हवेत."

बाईंना हसू येत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या वर्गातल्या अडतीस मुलांना त्यांनी हा फरक घसा कोरडा होईपर्यंत समजावला होता. त्या मुलांचे पेपर दुसऱ्या कुठल्या तरी हॉलमध्ये याच नमुना उत्तरांवरून तपासले जात होते. त्यात शेवटच्या बाकावरची ती मुलगी होती, गेल्या वर्षी विज्ञानात एका गुणानं गेलेली. यंदा नापास झालीस तर शाळा बंद, असं तिच्या काकांनी बाईंच्या देखतच बजावलं होतं. खरं शिकवल्यामुळे पोर घरी बसणार, या विचारानं बाईंना जेवण जाईना.

मग त्या भांडल्या. बरोबर उत्तर दिसलं की लाल पेनानं दोन गुण द्यायच्या, हिरवं पेन त्यावर काट मारायचं. तिसऱ्या दिवशी त्या थेट मुख्य परीक्षकांकडे गेल्या. तिथे टेबलावर मुख्य परीक्षकांनीच लिहिलेलं गाईड पडलं होतं आणि गाईडमध्ये तेच वाक्य, शब्दाला शब्द. कुंपणच शेत खात होतं, दाद मागायची कुणाकडे?

"लेखी द्या," मुख्य परीक्षक गोड आवाजात म्हणाले. "समिती विचार करेल."

"समिती बसते कधी?"

"निकालानंतर."

बाईंनी चार पानी अर्ज दिला, त्यावर शिक्का मारून घेतला आणि टेबलाशी परतल्या. उरलेले दिवस त्यांनी स्वतःच्या हातानं त्या चुकीच्या वाक्याला दोन-दोन गुण दिले. शेकडो पेपरांत तेच वाक्य, स्वल्पविरामासकट. अर्जाला उत्तर मात्र आलं: आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.

निकालाच्या दिवशी ती मुलगी धापा टाकत स्टाफरूममध्ये शिरली. काठावर, पण पास! बाईंनी तिला जवळ घेतलं. महिनाभराचं ओझं उतरलं.

"सातव्याचे दोन गुण जाऊनसुद्धा निघालीस गं!"

"नाही गेले, बाई." मुलगी खाली बघू लागली. "मी गाईडमधलं लिहिलं. आपल्या वर्गात सगळ्यांनी तेच लिहिलं."

"सगळ्यांनी? मग मी एवढं जीव तोडून शिकवलं ते कळलंच नाही कुणाला?"

"कळलं ना, बाई. म्हणून तर त्रास झाला. ते गाईडमधलं चूक आहे हे कळत होतं, त्यामुळे पाठच होईना. तीन दिवस घोकलं."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या. पोरीनं खरोखरच बरं केलं होतं आणि त्याचाच त्यांना सगळ्यांत जास्त संताप आला.