वारंगा फाट्यावरचा समुद्र

यशोदाबाईचा राग सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. टेम्पोत बकऱ्या कोंबून नेणाऱ्या एका ड्रायव्हरला तिनं भर रस्त्यात खाली उतरवलं होतं, आणि बकऱ्यांना धड उभं राहता येईल एवढी जागा झाल्यावरच गाडी हलू दिली होती. खांद्याला जखम असलेल्या बैलावर जू ठेवलं म्हणून सख्ख्या दिराशी ती वर्षभर बोलली नाही. माणसाचं काय, माणूस बोंबलून सांगतो, असं तिचं म्हणणं. मुक्या जिवाचं कोण सांगणार? मग ती सांगायची, आणि हळू आवाजात सांगणं तिला जमत नव्हतं.

या रागाला कारणही तसंच होतं. लग्न होऊन ती वाडीत आली त्या वर्षीची गोष्ट. मेंढरांना अधूनमधून मीठ चारावं लागतं, आणि मीठ खाल्लेल्या मेंढराला लगेच पाण्यावर न्यावं लागतं. मेंढपाळाच्या घरात हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण तिचा नवरा रामकिशन मीठ चारून झाल्यावर वाडीतल्याच लखमा मेंढपाळाशी गप्पा मारत झाडाखाली बसला. ऊन चढलं, पाणी राहून गेलं आणि तोंडं वासून तडफडत कोकरं मेली. घरी आल्यावर रामकिशननं सांगितलं, पाण्यावर न्यायचं काम नव्या सुनेला दिलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. लखमाला सगळं माहीत होतं, तोही तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. यशोदाबाईनं ते ऐकून घेतलं, कारण नव्या सुनेनं तेव्हा ऐकूनच घ्यायचं असायचं. पण ती वासलेली तोंडं तिच्या डोळ्यांपुढून कधी गेली नाहीत.

अशा बाईच्या पोटी शिवहार जन्माला आला आणि दोन हजार पाच साली त्यानं वारंगा फाट्यावरच्या आपल्या दुकानात समुद्र आणला. दुकान तसं मोबाइल रिचार्जचं आणि टीव्ही दुरुस्तीचं. पण हैदराबादला सामान आणायला गेला असताना कुठल्याशा शोरूममध्ये त्यानं काचेची टाकी पाहिली. तिच्यात नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे एका हलत्या फुलात लोळत होते. फूल दिसायला, पण खरं तर तोही प्राणीच, अॅनिमोन म्हणतात त्याला. मासा त्याच्यात घर करतो. शिवहारचं डोकं त्या दिवसापासून फिरलं.

नांदेडच्या एका मासेवाल्याला गाठून त्यानं दोन फुटी टाकी केली. तळाला पांढरी वाळू, समुद्रातून काढलेले दगड, पाणी फिरवायला पंप, लाईट गेल्यावर पंप चालावा म्हणून इन्व्हर्टर. फिल्टरच्या पाण्यात समुद्राचं पाकिटातलं मीठ कालवायचं, काचेची नळी तरंगवून खारटपणा बघायचा. मासेवाल्यानं बजावलं होतं, टाकी महिनाभर नुसती चालू दे, मग मासे ने, आणि फुलाचं नाव सहा महिने तरी काढू नको. महिना शिवहारनं कसाबसा काढला. पण जो येईल तो रिचार्ज मारता मारता विचारायचा, काय रे, नुसतंच पाणी पाळलंस व्हय? शिवहारला दम धरवेना. तो गेला आणि माशांची जोडी आणि पांढरंशुभ्र फूल एकाच दिवशी घेऊन आला.

गावं लोटली बघायला. जीपवाले गाडी थांबवून प्रवाशांना दाखवायचे. यशोदाबाईही गेली. तिनं आधी काचेतून पाहिलं, मग बोट बुडवून पाणी चाखलं आणि थुंकलं.

"ह्यांला प्यायला काय देतूस?" तिनं विचारलं.

"पाण्यातच तर हायेत ना माय ते."

"ते खारं हाये. त्याच्यावर गोडं पाणी कवा दाखवतूस?"

दुकानात हशा पिकला. शिवहारनं चार शब्द नीट सांगितले असते तर काय बिघडलं असतं? समुद्रातला जीव खाऱ्या पाण्यातच जगतो, एवढंच सांगायचं होतं. पण समोर गिऱ्हाइकं होती, आणि आईची टर उडवली की पोरगं मोठं दिसतं असा काही लोकांचा समज असतो. "तू मेंढरं बघ माय," तो म्हणाला, "ह्यात तुझं काम न्हाई." यशोदाबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जीव पाळतोस आणि त्याच्या तहानेचं विचारलं तर हसतोस, हे तिला आयुष्यात पटणारं नव्हतं.

काही दिवसांनी शिवहार सामानाला हिंगोलीला गेला आणि दुकानावर तिला बसवून गेला. दुपार झाली. तिचं लक्ष टाकीकडं गेलं. फूल दगडावरून सुटून खाली वाळूत पडलं होतं. त्याचे पाकळ्यांसारखे हात आखडले होते आणि मधलं तोंड वासलं होतं. दोन्ही मासे त्याच्या भोवती घुटमळत होते, आत शिरायला बघत होते. यशोदाबाई उठून उभी राहिली. वासलेलं तोंड तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

शेजारी धर्मसिंगचं चहा-भज्याचं हॉटेल. तिथल्या हापशावरून तिनं कळशी भरून आणली. मगानं टाकीतलं खारं पाणी काढलं आणि गोडं पाणी हळूच, लेकराला पाजावं तसं, ओतलं. मासे एका कोपऱ्यात जाऊन थिजले. फुलानं अंग आणखी आत ओढलं. पोट भरलं असेल, आता निजेल, असं तिला वाटलं. शिवहार परतला तेव्हा फूल पाघळून त्याचे धागे पाण्यात फिरत होते. त्यानं मासे मिठाच्या पाण्याच्या बादलीत काढले म्हणून ते वाचले.

"मारलं," तो सगळ्यांदेखत ओरडला. "माझ्या मायनं जितं फूल मारलं."

ज्या गोष्टीवरून यशोदाबाईनं जगाशी भांडणं केली तीच गोष्ट तिच्या हातून घडली होती. घरी येऊन तिनं सुनेला, राधिकाला, सांगितलं, "वरीसभर माझ्या ताटात मीठ वाढू नको. मला ज्याचं कळलं न्हाई ते मी तोंडात घालणार न्हाई."

अळणी पिठलं, अळणी भाजी, नुसती भाकरी. राधिका विनवण्या करून थकली. "आत्याबाई, तुमी काय मुद्दाम केलं का?" यशोदाबाई मान हलवायची आणि पाण्याबरोबर घास उतरवायची. समोर शिवहार जेवायला असायचा. आईच्या ताटाकडं न बघता तो भराभर जेवून उठायचा.

तिचं बोलणंही आटलं. रस्त्यानं कोंबून भरलेल्या बकऱ्यांचा टेम्पो गेला तरी ती नुसती बघत राहायची. दुसऱ्याला काय सांगायचं, आपणच खाटीक ठरलो, असं तिच्या मनानं घेतलं होतं. शिवहारनं मात्र त्या गोष्टीची करमणूक केली. फूल कुठं गेलं असं कुणी विचारलं की तो हात झटकून सांगायचा, मायनं समुद्रात गोडं पाणी ओतलं. लोक खो खो हसायचे. ती गोष्ट जीपमध्ये बसून गावोगाव गेली. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तर एका अनोळखी मिरचीवालीनं यशोदाबाईचीच गोष्ट यशोदाबाईला हसत हसत ऐकवली, आणि तिनं ती गुमान ऐकून घेतली.

डोळे दाखवायला राधिका तिला नांदेडला घेऊन गेली तेव्हा यशोदाबाईनं एकच हट्ट धरला, मासेवाल्याकडं जायचं. तिला विचारायचं होतं की फुलाला मरताना तकलीफ झाली असेल का. आणि ते मासे आता फुलावाचून पंपाला अंग घासत बसतात, त्यांच्यासाठी काही करता येईल का. मासेवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मावशी, फाट्याच्या शिवहारचं ना? पांढरं? अहो, ते पांढरं नसतंच. रंग उडाला की असं पांढरं पडतं. आजारीच होतं ते. त्यात टाकी नवी. त्यानं न्यायच्या आधीच मी त्याला सांगितलं होतं, महिनाभरही टिकणार नाही. मेलं तेव्हा त्याचा फोन आला, तेव्हाही तेच बोललो. दगड सोडून खाली पडलं, तोंड वासलं, म्हणजे ते मरतच होतं. तुमचं पाणी निमित्त झालं."

यशोदाबाईनं टेबलावर हात टेकला.

"आजारी होतं तर इकलं काहून?"

"लोकांना पांढरंच आवडतं, मावशी."

"लोकाला काय बी आवडंल. तू जीव इकून राहिला का कापड?" कित्येक महिन्यांनी तिचा आवाज चढला होता. काचेपलीकडं मासे बघणारी माणसं मागं वळली. मासेवाला पावती पुस्तकात डोकं घालून बसला, पण तिचं त्याच्याकडं लक्षच उरलं नव्हतं. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती. शिवहारला माहीत होतं. ती रोज त्याच्या समोर अळणी भाकरी गिळत होती आणि त्याला माहीत होतं.

फाट्यावर उतरून ती राधिकाला घेऊन सरळ दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. धर्मसिंग चहा द्यायला आला होता, दोघं-तिघं रिचार्जला थांबले होते.

"ह्यांला सांग," ती शिवहारला म्हणाली, "फूल कशानं मेलं."

शिवहारनं राधिकाकडं बघितलं. राधिकानं तोंड फिरवलं. तेव्हा काय कळायचं ते त्याला कळलं.

"आजारी होतं," तो पुटपुटला.

"मोठ्यानं."

"आजारी होतं. मला आधीच सांगितलं होतं मासेवाल्यानं. म्या ऐकलं न्हाई."

धर्मसिंगच्या हातातला चहा तसाच राहिला. यशोदाबाई थांबली नाही. "आन् गोडं पाणी म्या वतलं. ते बी खरं हाये, ते म्या नाकारत न्हाई. माझं हाये तेवढं माझ्यावर ठेव. तुझं तुझ्याकडं घे." मग तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "रोज माझं ताट बघत होतास. एका शब्दानं बोलला न्हाईस. काहून?"

शिवहार टेबलावरची वायर चिवडू लागला. शेवटी जे खरं होतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं.

"तू कुणाशी भांडत न्हवतीस, माय. घर शांत होतं. वाटलं, राहू दे."

रिचार्जवाले पैसे हातात धरून उभेच राहिले.

"म्हंजे मुकी होते तवर बरी होते, व्हय," यशोदाबाई म्हणाली.

तिनं धर्मसिंगला भजी आणायला सांगितली, वरून मीठ भुरभुरून. भजी आली तशी तिनं ती शिवहारच्या समोर बसून सावकाश सगळी खाल्ली, आणि मग टेम्पोवाल्यापासून मासेवाल्यापर्यंत साऱ्यांवरचा राग काढत अंधार पडेपर्यंत बोलत राहिली.