खणातल्या अक्षता

कुडाळच्या वाटेवर आमच्या मेकॅनिककाकांचं गॅरेज आहे. गाडीशी ते "गो बाय" म्हणून बोलतात, पण डॅशबोर्डच्या खणाला आपणहून कधी हात लावत नाहीत. "लोकांच्या खणात मी हात घालूचंय नाय. आधी तुमी रिकामो करा."

त्या दिवशी एसीला कुबट वास येत होता. एसीचा फिल्टर खणाच्या मागेच असतो. मी फोनवर होतो, म्हटलं, "तुम्हीच काढा."

त्यांनी खण उतरवून फिल्टर ओढला. उंदराने तो कुरतडला होता आणि घड्यांत कुंकवाच्या अक्षता अडकल्या होत्या. सोबत त्यांच्याच मुलीच्या लग्नपत्रिकेचा तुकडा. ती पत्रिका, अक्षतांसकट, त्यांनी घरी येऊन माझ्या हातात दिली होती. मी पाकीट न फोडताच खणात टाकलं, आणि पुढे भेटल्यावर म्हणालो होतो, "लग्न छान झालं हो. गर्दीत तुमची भेट राहून गेली."

त्यांनी अक्षता एकेक वेचून खिशात ठेवल्या. नवा फिल्टर बसवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उंदरान पत्रिका खाल्ल्यान, सर. तुमका तारीख कशी कळतली?"

"हो ना," मी म्हणालो, "उंदरांचा फार त्रास आहे."